दगडाला लागलेलं तेल

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दवाखान्यात दोन खांदे, एक गुडघा. दुपारी घरी येऊन टोस्ट खाल्ला. दिवाणखान्यातला दिवा गेला होता तो बदलला. संध्याकाळी चिमटा आला.

चिमटा म्हणजे माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेतला जोडीदार. हे नाव तिनंच ठेवलेलं. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी नेहमी चिमटा असतो. ती जाऊन दीड महिना झाला, त्यानंतर आज पहिल्यांदा तो घरी आला. बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "डॉक्टर, शेवटी शेवटी ती हाताला, अंगाला जे काही लावायची ते सगळं मला हवं होतं. साबण, मलम, पावडर. असेल ते."

मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, "दगडासाठी."

मला वाटलं होतं, आता तरी तो दगड आमच्या घरात यायचा नाही.

दगड म्हणजे उल्का. काळा, अक्रोडाएवढा. एका संग्रहालयानं त्याचे काही तुकडे तिच्याकडे तपासायला दिले होते. पृथ्वी तयार होण्याच्याही आधीचे कार्बनचे रेणू असल्या दगडांत टिकून राहतात. जीव सुरू व्हायला जो कच्चा माल लागला तो वरून आला का, हा तिचा प्रश्न. आमच्या लग्नाइतकाच जुना. काही वेळा मला वाटायचं, थोडा अधिकच जुना.

"शेवटच्या तुकड्यात एक रेणू सापडलाय," चिमटा म्हणाला. "तो दगडाचा की बाहेरून लागलेला, ते ठरवायचं आहे. कोऱ्या नळीत काही नाही. म्हणजे आमच्या भांड्यांतून आलेला नाही."

कोरी नळी मला माहीत आहे. ती सांगायची. दगडाची पूड ज्या ज्या पायऱ्यांतून जाते, त्या सगळ्यांतून एक रिकामी नळीही न्यायची. तीच द्रावणं, तेवढीच उष्णता, तेवढाच वेळ. आत काहीच घालायचं नाही. शेवटी तिच्यात जे निघेल ती आपली स्वतःची घाण.

बघून ठेवतो, असं सांगून त्याला वाटेला लावला. चहा विचारला नाही. जाताना तो दाराशी तिच्या चपलांजवळ उगाच थांबला. बूट घालायला एवढा वेळ लागत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

एका खोक्यात सगळं भरलं. बिनवासाचा साबण, ओठांचं मलम, पाठीला लावायची पावडर, हॉस्पिटलनं दिलेलं हात धुवायचं द्रव. उशीचा अभ्रासुद्धा घातला. मग काढून घेतला.

तेलाची बाटली घातली नाही.

ती का घातली नाही, हे इथं तरी लिहून ठेवतो. रेणू शोधणाऱ्यांचा मोठा वैरी म्हणजे माणसाचा हात. बोटाचा एक ठसा दगडाला लागला तरी त्यांच्या यंत्राला महिनाभर दुसरं काही दिसत नाही, असं ती म्हणायची. म्हणून आमच्याकडे अत्तर नाही, क्रीम नाही, डोक्याला तेल नाही. आणि मी पडलो फिजिओथेरपिस्ट, दिवसभर तेलात हात. "तू म्हणजे चालता घाणा आहेस," ती म्हणायची. घरात शिरलो की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच तिला हात लावायचा. तिच्या प्रयोगशाळेत तर मला बाहेरच्या बाकाच्या पुढे कधी जाऊ दिलं नाही. तिनंच.

फक्त शनिवारी संध्याकाळी सूट होती. दिवसभर बारीक नळ्या धरून तिचा अंगठा आणि मनगट आखडायचं. मी बदामाचं तेल कोमट करून तिचे हात चोळायचो. रविवारी ती ते धुऊन धुऊन काढायची. आठवड्यातून एक संध्याकाळ हात माझे, बाकी सगळे दिवस दगडाचे. मी त्यावर कधी काही बोललो नाही. पण शनिवारी तेल बाजूला ठेवताना मनात यायचं, झाली आपली पाळी.

शेवटच्या महिन्यात तिनं आपणहून हात पुढे केले. मंगळवार असो, गुरुवार असो, मी दवाखान्याला निघायच्या आधी. मी म्हटलं, अगं आज शनिवार नाही. ती म्हणाली, "असू दे रे. लाव."

तेव्हा मला वाटलं, हरला दगड.

ते तेल मी चिमट्याला का देऊ? खोकं दवाखान्यातल्या मुलीबरोबर पाठवून दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार असल्यामुळे आधीच बरं वाटत नव्हतं. त्यात पुन्हा चिमटा.

खोक्यातलं काहीच जुळत नाही म्हणाला. त्या रेणूत नऊ कार्बनची साखळी आहे. तसं आम्ल उल्केतही असतं आणि तेलातुपातही तयार होतं. "तेल वगैरे काही लावायची का ती?"

मी म्हटलं, "आमच्या घरात तेल चालत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते टेबलाखाली घेतले. मग तो म्हणाला, "नाही, त्या दिवशी तिच्या हाताला..." आणि थांबला.

"कुठल्या दिवशी?"

तो उठून खिडकीशी गेला. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, कचऱ्याची गाडी उभी होती. म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला ती लॅबमध्ये आली होती. एक दुपार. तिची बहीण घेऊन आली."

मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. मग त्याला म्हटलं, मला बाहेर जायचं आहे. दोन्ही खोटं.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिला बिछान्यातून न्हाणीघरापर्यंत जायला माझा खांदा लागत होता. मी संध्याकाळी आलो की विचारायचो, दुपार कशी गेली. ती म्हणायची, झोपले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेहुणीला फोन केला. तिची धाकटी बहीण. मी दवाखान्यात असताना तीच सोबत असायची. फोनवर नको म्हणाली, स्वतःच आली.

"हो, नेलं. ताईनं सांगितलं म्हणून नेलं. खुर्चीत बसवून, ब्लँकेट गुंडाळून, सावकाश गाडी चालवत नेलं."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता भावजी."

"नसतो म्हणालो."

"मग गप्प बसला असता. ते नाही म्हणण्यापेक्षा वाईट. नाही म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं." ती पर्समध्ये काहीतरी शोधत बोलत होती. "ताई काय म्हणायची माहिती आहे? म्हणायची, हा रागावला की तोंडानं काही सांगत नाही, मालीश जोरात करतो. तेवढ्यावरून ओळखायचं."

मी विचारलं, तिथं गेल्यावर ती काय करत होती. मेहुणी म्हणाली तिला ठाऊक नाही, ती बाहेरच्या बाकावर बसली होती. आत ते दोघंच होते. काचेतून पाठी दिसत होत्या.

त्या बाकावर मीही खूप बसलो आहे. तिथून पाठीच दिसतात.

मेहुणी जाताना म्हणाली, "तुमच्या मनात काय आलंय ते मला कळतंय. लाज वाटू द्या थोडी." मग दारातून परत येऊन तिनं फ्रीज उघडला आणि तो रिकामा बघून आणखी चिडून गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवणकाम करणाऱ्या बाई खांद्यासाठी येतात. आज मालीश चालू असताना म्हणाल्या, "डॉक्टर, माझा खांदा आहे हो हा. ज्याचा राग आलाय त्याला बोलवा ना इथं, मी उठते."

माफी मागितली. हात सैल केला. त्या म्हणाल्या, "कोण आहे एवढा?" मी म्हटलं, कुणी नाही. "बाई असेल तर सांगू नका, पुरुष असेल तर सांगा." मी म्हटलं, दगड आहे. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

खरं तर दगडाचं आता काही वाटत नाही. दगड बिचारा डबीत. पण शेवटच्या दिवसांत तिच्या अंगात जेवढी म्हणून ताकद उरली होती ती तिनं साठवून ठेवली आणि त्या माणसासमोर नेऊन खर्च केली. मला मिळाली ती झोप. मी सकाळी हात चोळून द्यायचो आणि ते हात घेऊन ती तिकडे. मी तर तिची तयारीच करून देत होतो.

हे असं लिहिलेलं वाचायला बरं दिसत नाही. पण खोडत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चिमट्याचा निरोप आला. तेल लावत असल्यास कृपया सांगावं, रागावू नये, काम अडलं आहे.

बाजारात गेलो. त्याच कंपनीची बदामाच्या तेलाची नवी बाटली घेतली. थोडं तेल बेसिनमध्ये ओतून दिलं, बाटलीच्या गळ्याला बोट फिरवून वापरलेली दिसेल अशी केली आणि त्याच्या लॅबच्या दारावर देऊन आलो. म्हटलं, शोधताना सापडली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि लगेच पिशवीत बांधली. इतक्या वेळा थँक्यू म्हणाला की मलाच नको झालं.

जुनी बाटली कपाटात टॉवेलांच्या मागे आहे. तिच्या हाताला लागलेलं तेल त्याच्या यंत्रात जाणार नाही. एवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे.

५ मार्च, बुधवार

आज लॅबमध्ये गेलो. आत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चिमट्यानं फोन करून बोलावलं होतं. बाकावर बसणार होतो, तर म्हणाला, आत या. हात धुवायला लावले, अंगावर पांढरा कोट, डोक्यावर टोपी, दोन हातमोजे, एकावर एक. खोली मी समजत होतो त्याहून लहान निघाली. आमच्या स्वयंपाकघराएवढी. भट्टीत भाजून काढलेली काचेची भांडी चंदेरी कागदात गुंडाळून ठेवलेली. एक यंत्र मोठ्या फ्रीजसारखं गुरगुरत होतं. तिचं स्टूल खिडकीपाशी. त्याच्यावर कुणी बसत नसावं, त्यावर काही ठेवलेलंही नव्हतं.

त्याच्या खिशात आज दोन चिमटे होते. एकाला निळा दोरा गुंडाळलेला. तो दोरा मी गुंडाळला आहे, तिच्या अंगठ्याला जोर कमी लागावा म्हणून. एका रविवारी बसून, घट्ट, एकही वेढा दुसऱ्यावर न चढू देता. तो त्याच्या खिशात. 

तो म्हणाला, "डॉक्टर, ते तेल नव्हे."

मी म्हटलं, तेच आहे.

"तेल तेच असेल, बाटली ती नाही. ही नवी आहे. नऊ कार्बनचं आम्ल नव्या तेलात जवळजवळ नसतंच. तेल हवा लागून जुनं होतं, खवट होतं, तेव्हा तुटून ते तयार होतं." वाद घालण्याचा त्याचा सूर नव्हता. मग त्यानं मला समजावून सांगितलं. कार्बनचे दोन प्रकार असतात, एक किंचित जड. आकाशातून आलेल्या अशा रेणूंत जड कार्बन जरा जास्त निघतो, झाडापासून आलेल्या तेलात कमी. तिच्या शेवटच्या तुकड्यातला आकडा दोन्हींच्या मध्ये आला आहे. म्हणजे भेसळ आहे. थोडं वरचं, थोडं इथलं. "चहात दूध किती पडलंय ते रंगावरून सांगता येतं. पण त्यासाठी नुसत्या दुधाचा रंग ठाऊक पाहिजे. ते दूध माझ्याकडे नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"आमच्या लॅबच्या प्रमुख बाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत उलगडा झाला नाही तर हे सगळं बाद करू. आधीच्या तुकड्यांत हा रेणू इतका थोडा होता की वजन करता आलं नव्हतं. यातच जमलं. हे गेलं की तिचं शेवटचं काम गेलं. संग्रहालय आता आणखी दगड देणार नाही."

मी विचारलं, दगडाला तेल लागलं कसं. तुम्ही तर दोन दोन हातमोजे घालता.

तो बराच वेळ त्या चंदेरी कागदाची कड सरळ करत बसला. मग म्हणाला, "मी हातमोजे काढू दिले तिला."

त्या दुपारी ती आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, मला एकदा नुसत्या हातानं धरायचा आहे. सबंध आयुष्य असल्या दगडांत घालवलं आणि एकालाही तिनं कधी हात लावलेला नव्हता. गार असतो की खरखरीत, तेही तिला माहीत नव्हतं. शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. चिमट्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

"आमच्या धंद्यात याला माफी नाही. माझा विचार असा की वरचा पापुद्रा नंतर खरवडून टाकीन, आतलं शुद्ध राहील. खरवडला. पण हा दगड सच्छिद्र असतो, तेल आत जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही." त्याला सर्दी झाली असावी. सारखा नाक पुसत होता, त्यासाठी त्याला दर वेळी मोजे बदलावे लागत होते. "प्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार वर पाठवली. ते असो."

"ती काय म्हणाली?" मला हे विचारायचं नव्हतं.

"धरून बसली. मग हाताचा वास घेतला, दगडाचा घेतला आणि हसली. म्हणाली, याला आता आमच्या घराचा वास लागला."

मी उठलो. कोट काढताना एक हात बाहीत अडकला, तो त्यानं सोडवून दिला.

हे वाक्य तिनं मला सांगायला हवं होतं. माझ्या घराचा वास, आणि सांगितला त्याला.

६ मार्च, गुरुवार

बाटली काढली. परत ठेवली.

९ मार्च, रविवार

मेहुणी येऊन गेली. फ्रीजमध्ये सूप ठेवून गेली, डब्यावर चिकटपट्टी लावून "आजच" असं लिहून. मागच्या वेळी ठेवलेलं अजून तसंच आहे, ते तिला दिसलं.

ती म्हणाली, "त्या माणसाची नोकरी जाईल बहुतेक. बातमी आली का तुमच्यापर्यंत?" मी म्हटलं, तक्रार गेली आहे एवढं ठाऊक आहे. "गप्प बसला असता तर कुणाला कळलं होतं? तुकडा बिघडला म्हणून सांगितलं असतं, संपलं. पण नाही, ताईचं काम वाचवायचं म्हणून स्वतःच जाऊन सांगून आला." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "वेडाच आहे. तुमच्यासारखाच."

माझ्यासारखा कसा, ते कळलं नाही. मी काही कुणाला सांगून आलेलो नाही.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळी बाटली काढून झाकण उघडलं. तळाशी बोटभर तेल आहे. वास घेतला. तिच्या हातांचा म्हणून जो वास मला आठवतो तो नव्हता. खवट झालं आहे. तेव्हाही थोडं असणार, पण इतकं नाही.

चिमटा त्या दिवशी निघताना म्हणाला होता, तेल थांबत नाही, रोज थोडं थोडं तुटत असतं, लवकर मिळालं तर बरं. मला वाटलं, घाई करायला म्हणतोय.

पुष्कळ वेळ बाटली घेऊन बसलो. टॉवेलांच्या मागे ठेवून मी काय राखत होतो, असा विचार आला. आणखी दोन महिन्यांनी हे डिसेंबरचं तेल राहणारच नाही. माझ्याकडे राहील फक्त बाटली. आणि तिच्या कामावर काट मारलेली असेल. ती एवढी शिकलेली, एवढी कडक, आणि लोक म्हणतील शेवटी शेवटी हात न धुता बसली.

१६ मार्च, रविवार

सकाळीच चिमट्याच्या घरी गेलो. पत्ता मेहुणीनं दिला. तिसरा मजला, एक खोली. टेबलावर एकच ताट, एकच पेला. मी का कोण जाणे त्याला बायको, मुलं सगळं आहे असं धरून चाललो होतो. ते असतं तर मला जास्त सोपं गेलं असतं की कमी, सांगता येत नाही.

बाटली टेबलावर ठेवली. म्हटलं, ही खरी. ती नवी मी विकत आणली होती.

तो म्हणाला, "माहीत होतं मला."

"मग खोटं बोलताय, असं तोंडावर का म्हणाला नाहीत?"

"काय बोलणार? तेल तुमचं."

मी उभाच होतो. म्हटलं, रोज सकाळी लावत होतो. महिनाभर. ती स्वतः म्हणायची लाव म्हणून. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. कामाला उपयोगी पडावं म्हणून सांगितलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यानं ते ऐकावं असं मला वाटत होतं.

त्यानं ऐकलं. मान हलवली. मग खिशातून निळ्या दोऱ्याचा चिमटा काढला आणि बाटलीशेजारी ठेवला. "हा तुमच्याकडे पाहिजे. मी विचारायला हवं होतं."

मी चिमटा उचलून पाहिला. एका टोकाला दोरा सुटत आला होता. खिशात खालीवर होऊन सुटला असेल. तिथंच खुर्चीवर बसून तो पुन्हा घट्ट गुंडाळला, गाठ मारली.

"राहू दे," म्हटलं. "मला कुठं दगड उचलायचे आहेत."

 तो चहा ठेवायला गेला आणि बराच वेळ आतच होता. चहात साखर घालायला विसरला होता. मी तसाच प्यायलो.

२९ मार्च, शनिवार

निकाल आला. चिमट्यानं बाहेरच्या बाकावर बसूनच सांगितला. आत जायचा पास त्याच्याकडून काढून घेतला आहे, चौकशी होईपर्यंत. मोजणी दुसऱ्या मुलीनं केली, तो बाकावरून सांगत होता.

मी पहिलं काय विचारलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. विचारलं, "जास्त कुणाचं? माझं की त्याचं?"

"तुमचं," तो म्हणाला. "जवळपास दोन तृतीयांश तेल आहे. उरलेलं दगडाचं. उरलेला भाग जड आहे, इथला असूच शकत नाही."

मला आनंद झाला. दोन तृतीयांश ऐकून खरोखर आनंद झाला, एखादा खटला जिंकल्यासारखा. मग लक्षात आलं की चिमटाही हसतोय, पण उरलेल्या भागासाठी. तिचं काम टिकलं आहे. आकडा लहान झाला, पण खरा आहे, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव तिचंच राहणार.

तो म्हणाला, "डॉक्टर, त्या भागातला काही तर सूर्य पेटायच्या आधीचा असू शकतो."

मी म्हटलं, "असेल. तरी एक तृतीयांशच ना?"

तो इतका हसला की दाराशी बसलेल्या माणसानं वर पाहिलं. मग मीही हसलो. तिच्या माघारी आम्ही दोघं त्या बाकावर हसत बसलो होतो, हे तिला कळलं असतं तर तिनं दोघांनाही बाहेर काढलं असतं.

मग त्यानं काचेची एक बारकी कुपी दिली. तळाशी चिमूटभर काळी पूड. "वरचा पापुद्रा. खरवडून ठेवला होता. तेलानं भरलेला आहे, आम्हाला याचा काही उपयोग नाही. संग्रहालयाला विचारलंय, ते म्हणाले टाकून द्या." मग म्हणाला, "मला टाकवेना."

निम्मी तुमच्याकडे ठेवा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण म्हटलं नाही. एवढा चांगला मी अजून झालेलो नाही. खिशात घालून घरी आलो.

१२ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात आज गर्दी नव्हती. शिवणकामाच्या बाईंचा खांदा सुटला, हात पूर्ण वर जातो. वर नेऊन दाखवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दगडाशी समेट झालेला दिसतो." मी म्हटलं, थोडा.

चिमट्याची चौकशी अजून चालू आहे. प्रमुख बाईंना मी पत्र लिहिलं की तेल मी लावत होतो आणि खरी बाटली उशिरा दिली, त्यामुळे जो वेळ गेला तो माझ्यामुळे. उत्तर आलं नाही. त्याला हे सांगितलेलं नाही.

कुपी कुठं ठेवावी ते ठरत नव्हतं. दिवाणखान्यात बघवत नाही, कपाटात कोंडवत नाही. शेवटी न्हाणीघराच्या फळीवर ठेवली, साबणाशेजारी. तिथं तिचा बिनवासाचा साबण अजून आहे. मी तोच वापरतो. कशासाठी ते माहीत नाही, आता मी हात धुतले काय आणि न धुतले काय.

कधी कधी अजूनही ती दुपार डोळ्यांपुढे येते. दोन पाठी, काच. त्या दुपारी मी तिथं नव्हतो, याची चीड गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही.

संध्याकाळी नवी बाटली उघडली, ती लॅबमधून परत आली होती. वाटीत थोडं तेल घेऊन गरम पाण्यात धरलं. एकटे राहणाऱ्या पेशंटना मी शिकवतो, दुसरं कुणी लावून देणारं नसेल तर आपलं आपण कसं करायचं ते. मनगट मांडीवर टेकवायचं, अंगठ्याच्या मुळापासून सुरुवात करायची, घाई करायची नाही, जोर लावायचा नाही. आधी उजव्या हातानं डावा केला. मग डाव्यानं उजवा.